पुस्तक हवेतून घ्यावे की वायरीतून?

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या उरवड्यातील (ता. मुळशी, जि. पुणे) वस्तीत रोज सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर शेतावर, कारखान्यात किंवा पुण्यात राबून आलेली माणसे तासभर शांत बसून ऐकतात. आमच्याकडील प्रत जुनी आहे. अनेक हातांतून गेलेली, पाठीला खळ लावून जपलेली. त्या वर्षी पत्र्यातून गळलेले पाणी कपाटात उतरले आणि मधली काही पाने एकमेकांना चिकटून बसली. सोडवायला गेलो तर अक्षरेच निघून आली. वाचन त्या जागेपर्यंत आले तेव्हा आता पुढे काय, असा प्रश्न पडला.

पिरंगुटला एका कारखान्यात कामाला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, काळजी करू नका. माझ्या रीडरमध्ये उद्या अख्खा ग्रंथ आणतो." हा रीडर म्हणजे पाटीएवढे एक यंत्र. त्यात शेकडो पुस्तके मावतात. दुसऱ्या दिवशी तो यंत्र घेऊन आला. ग्रंथाची फाईल त्याने कुठेतरी इंटरनेटवरील आपल्या खात्यात ठेवली होती. ती आता हवेतून यंत्रात उतरायची होती. बाहेर मुळशीचा पाऊस. वीज गेलेली. मोबाईलची रेंज कधी एक दांडी, कधी तीही नाही. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले. वीस-पंचवीस उपासक-उपासिका हात जोडून बसल्या होत्या. शेवटी एका वृद्ध आजींनी विचारले, "आरं पोरा, तुझं पुस्तक वाटंतच अडकलं काय?" सारे हसले. पण त्या दिवशी वाचन झाले नाही, हे खरे.

तिसऱ्या दिवशी भाच्याने मित्राच्या संगणकावरून तीच फाईल साध्या वायरीने यंत्रात भरून आणली. दोन मिनिटांचे काम. त्या सायंकाळीही वीज नव्हती. पण नववीतल्या एका मुलीने यंत्राच्या स्वतःच्या उजेडात, न अडखळता, गेलेली सर्व पाने वाचून दाखवली.

प्रसंग लहान आहे. परंतु त्यातून जो प्रश्न निघाला तो आपल्या प्रत्येक विहाराच्या, प्रत्येक वाचनालयाच्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या घरचा आहे. असे यंत्र घ्यायचे झाल्यास पुस्तक हवेतून उतरवणारे घ्यावे, की वायर जोडून आपल्या हाताने भरता येणारे घ्यावे?

यंत्र कसे आहे?

मोबाईलवर पुस्तक वाचणे आणि रीडरवर वाचणे यांत फरक आहे. मोबाईलचा पडदा सतत प्रकाश फेकतो, डोळे शिणतात. शिवाय वाचता वाचता दहा निरोप येतात आणि वाचन बाजूला राहते. रीडरचा पडदा इलेक्ट्रॉनिक शाईचा असतो. काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या इशाऱ्याने वर-खाली होतात आणि छापील पानासारखे पान तयार होते. पान एकदा उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस, काही वेळा आठवडे चालते. ज्या वाड्या-वस्त्यांवर पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही तिथे हा गुण मोठाच म्हटला पाहिजे. फक्त हवेतील जोडणी सतत चालू ठेवली तर हीच बॅटरी लवकर उतरते.

दोन वाटा कशा पडल्या?

सोनी कंपनीने २००६ साली अमेरिकेत आपला रीडर विकायला काढला. त्यात पुस्तक भरायचे तर संगणकाला वायर जोडणे भाग होते. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉनने किंडल आणले. त्याची किंमत ३९९ डॉलर होती आणि त्यात मोबाईलसारखी बिनतारी जोडणी होती. संगणकाची गरज नाही, जोडणीचे वेगळे बिल नाही. पुस्तक निवडा आणि मिनिटभरात वाचायला लागा. लोकांना हे इतके आवडले की पुस्तक हवेतूनच यायचे असते असे अनेकांना वाटू लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये किंडल भारतासह शंभराहून अधिक देशांसाठी खुले झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फिबीम कंपनीने २०१० साली 'पाय' नावाचा रीडर काढला. त्यात पहिल्यांदा वायरीनेच पुस्तके भरावी लागत. पुढच्या आवृत्तीत वायफाय आले. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांची सोय झाली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. सोनीचा रीडर कंपनीच्या ठराविक सॉफ्टवेअरशिवाय चालत नसे आणि ते लिनक्सवर चालत नव्हते. कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ साली यावर स्वतःच तोड काढली. तेच काम पुढे 'कॅलिबर' या नावाने जगभर पोहोचले. कोणत्याही प्रकारची ई-पुस्तके संगणकावर नीट लावून ठेवणे, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे आणि वायरीने रीडरमध्ये भरणे ही कामे त्यावर होतात. ते आजही फुकट मिळते. कंपनीने दार बंद ठेवले म्हणून हातावर हात ठेवून न बसता त्याने चावी घडवली आणि ती सर्वांना वाटून टाकली.

हवेतल्या वाटेचा फायदा

बिनतारी सोय वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या बहुसंख्य घरांत मोबाईल आहे, संगणक नाही. वायरीने पुस्तक भरायचे तर आधी संगणक हवा, तो चालवणारा हवा. एखाद्या घरकाम करणाऱ्या भगिनीला किंवा कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या ताईला कोण वायर जोडून देणार? तिला बोट लावताच पुस्तक मिळाले तर तिचे वाचन वाढेल. परदेशात किंवा दूरच्या शहरात शिकणाऱ्या मुलाला पुस्तक पाठवायचे असेल तर हवेतली वाट क्षणाची आहे. किंडलला आपल्या ई-मेलवरून स्वतःची फाईलही पाठवता येते. मात्र एका मेलमध्ये ५० मेगाबाइटपर्यंतच. आपले काही स्कॅन केलेले ग्रंथ याहून जड असतात. वेबवरून पाठवल्यास ही मर्यादा २०० मेगाबाइटपर्यंत जाते. वायरीला अशी मर्यादा नाही.

तेव्हा सोयीपुरते पाहिले तर हवेची बाजू भक्कम आहे. पण सोय पाहून आपण हिशेब मिटवू शकत नाही. मी आयुष्यभर कारकुनी केली. खतावणीत जमेची बाजू कितीही मोठी दिसली तरी दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पान बंद करायचे नाही, ही सवय लागली आहे.

पुस्तक घरात, किल्ली कोणाकडे?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक प्रकार घडला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही ई-आवृत्त्या हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकल्या होत्या. हे कळताच अॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून ती पुस्तके हवेतल्या हवेत काढून घेतली. पैसे परत केले. पण लोकांनी रीतसर विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून नाहीसे झाले. मिशिगन राज्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती, तीही निकामी झाली. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. म्हणजे ज्या वाटेने पुस्तक घरात येते त्याच वाटेने ते बाहेरही जाऊ शकते.

दुसरी गोष्ट २०२१ च्या अखेरीची. अमेरिकेतील मोबाईल कंपन्यांनी जुनी थ्री-जी सेवा बंद करायला सुरुवात केली आणि केवळ त्या सेवेवर चालणाऱ्या जुन्या किंडलची हवेतली वाट बंद झाली. यंत्रे धडधाकट होती. ज्यांच्याकडे वायर होती त्यांचे वाचन चालू राहिले.

तिसरी गोष्ट ताजी आहे. विकत घेतलेले ई-पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची आणि तेथून वायरीने किंडलमध्ये भरण्याची जी सोय अॅमेझॉनच्या संकेतस्थळावर होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. आपल्या स्वतःच्या फाईली वायरीने आजही भरता येतात. पण कंपनीकडून घेतलेल्या पुस्तकाची प्रत आपल्या कपाटात ठेवण्याचा तो मार्ग मिटला. अशा व्यवहारात आपण पुस्तक विकत घेत नाही, तर ते वाचण्याचा परवाना घेतो. कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते.

आपला इतिहास काय सांगतो?

आपल्या समाजाला ही किल्लीची गोष्ट नवीन नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे मोजून देऊ केलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नाही. हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. दुसऱ्याच्या छापखान्यावर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर आपला शब्द पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही पत्रे निघाली, आणि त्यासाठी स्वतःचा छापखाना उभा राहिला.

त्याही आधीची एक आठवण आहे. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी आपले सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. पहिले महायुद्ध चालू होते. पाणतीराने ती बोट बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ग्रंथाची एकच प्रत आणि तीही दुसऱ्याच्या बोटीत, यातला धोका याहून ठळकपणे कोणी सांगू शकणार नाही.

तथागतांचे वचनही आधी भिक्खूंच्या मुखी होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि लढाया सुरू झाल्या. धम्म मुखोद्गत असलेले भिक्खूच राहिले नाहीत तर काय, या चिंतेने अलुविहार येथे त्रिपिटक ताडपत्रावर लिहून काढण्यात आले. धम्म टिकला तो अनेकांनी अनेक प्रती जपल्या म्हणून.

बाबासाहेबांचे ग्रंथ आणि आपण

महाराष्ट्र शासनाने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' या मालिकेचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध केला. वसंत मून यांनी संपादनाचे हे काम वर्षानुवर्षे निष्ठेने केले. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा अकरावा खंड १९९२ साली निघाला. अठराव्या खंडाच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. हे ग्रंथ स्वस्त आहेत, पण अनेकदा मिळतच नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या बातमीवरून या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. नऊ लाख प्रती छापण्याचे ठरून ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला गेला. पण चार वर्षांत जेमतेम ३३ हजार प्रती निघाल्या, असे त्या बातमीत म्हटले होते. न्यायालयाला दखल घ्यावी लागली, यातच सर्व आले.

अशा वेळी ई-पुस्तक हा मोठा आधार ठरतो. मालिकेचे इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्या विद्यापीठाने 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आपल्या संकेतस्थळावर अभ्यासकांसाठी ठेवले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक मराठी पुस्तकेही मोफत उतरवून घेता येतात. कायद्याची अडचणही नाही. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे.

परंतु एक पथ्य पाळलेच पाहिजे. आजचे कवी, कथाकार, संशोधक यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ चोरून फिरवू नयेत. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पथारी मांडून बसणारा आपला छोटा प्रकाशक कर्ज काढून पुस्तक छापतो. त्याच्या पुस्तकाचे फोटो काढून ते शंभर जणांना पाठवणारा स्वतःला चळवळीचा कार्यकर्ता म्हणत असेल, तर तो चळवळीचीच चूल विझवतो आहे. ते पुस्तक विकत घ्यावे आणि घरात ठेवावे.

व्यवहाराच्या चार गोष्टी

विहारासाठी किंवा घरासाठी यंत्र घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक : वायरीने फाईल भरता येते की नाही, हे दुकानातच करून पाहावे. वायफाय असावे, पण केवळ वायफायवर चालणारे यंत्र घेऊ नये.

दोन : संगणक नसेल तर मोबाईललाच ओटीजी वायर लावून काही यंत्रे पेन ड्राइव्हसारखी जोडता येतात. काही नव्या यंत्रांत ते जमत नाही. आपला फोन घेऊन जावे आणि जोडून पाहावे.

तीन : पडदा बेताचा असेल तर स्कॅन केलेल्या पीडीएफची अक्षरे बारीक दिसतात. अक्षरे मोठी करायची सोय ई-पुब किंवा तत्सम प्रकारच्या पुस्तकांत असते, छायाचित्रासारख्या पानांत नसते. वृद्धांसाठी घेत असाल तर मोठा पडदा किंवा टॅब बरा. ई-पुब फाईल वायरीने थेट किंडलमध्ये टाकली तर उघडत नाही. ती आधी कॅलिबरमधून बदलून घ्यावी लागते.

चार : खर्च. एप्रिल २०२५ मध्ये किंडल पेपरव्हाइट भारतात १६,९९९ रुपयांना आले. एका कुटुंबाला ही रक्कम जड आहे. म्हणून आधी चार-पाचशे रुपयांची एक चांगली पेन ड्राइव्ह घ्या. त्यात बाबासाहेबांचे खंड, मुलांच्या अभ्यासाची मोफत पुस्तके आणि विहाराची कागदपत्रे भरा. तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला, दोन्ही उघडून तपासा. हे झाले की वर्गणी काढून वस्तीत एक रीडर घ्या आणि वाचनालयाच्या पुस्तकासारखा नोंदवहीत सही घेऊन घरोघरी फिरवा.

आमच्या वस्तीने हेच केले आहे. पिरंगुटच्या नाक्यावर रेंज भरपूर असते, तिथे सुट्टीच्या दिवशी मुले फाईली उतरवून घेतात. गावात आल्यावर वायरीने त्या ज्याला हव्या त्याच्या यंत्रात जातात. अशीच एक पेन ड्राइव्ह आम्ही टेमघर धरणाच्या बाजूला राहणाऱ्या नातलगांकडे पाठवली. दूरचा रस्ता हवेने कापावा आणि शेवटचा कोस आपल्या हाताने, असा हा आमचा व्यवहार आहे.

म्हणून माझे मत असे आहे. हवेतली वाट सोयीसाठी असावी आणि वायरीची वाट हक्कासाठी. दोन्ही मिळाल्या तर उत्तम. एकच मिळणार असेल तर वायरीची घ्यावी. कोणी सांगितले, जाहिरातीत आले, सगळे घेतात, म्हणून मानू नका. स्वतः पारखून पाहा, हा कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश यंत्र घेतानाही लागू पडतो.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचन पूर्ण झाले. खीरदान झाल्यावर त्याच आजींनी यंत्र हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "यात बाबांचं समदं हाय म्हणतोस. पर हे बिघडलं तर?" भाच्याने पेन ड्राइव्ह दाखवली. "आन् ही हरवली तर?" त्याने दुसऱ्या घराकडे बोट केले. आजींचे समाधान झाले. मग त्यांनी आपल्या नातीला जवळ ओढले आणि म्हणाल्या, "आन् हिलाबी पाठ करायला लावा."

या वर्षावासात ती नात वाचायला बसणार आहे. भिजलेली प्रत आम्ही टाकलेली नाही. नव्या कापडात बांधून ती यंत्राशेजारीच ठेवली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!